पाहिलेल्या पानांची गणती

दुर्ग स्थानक सोडून आगगाडी राजनांदगावच्या दिशेने निघाली की थोड्याच वेळात रसमडा नावाचे एक लहानसे स्थानक लागते. हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गावरून जाणाऱ्या असंख्य प्रवाशांपैकी ती पाटी वाचण्याइतके सावध किती असतात, हे सांगणे कठीण आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा पसारा वाढला तशी इकडेही धुराडी उभी राहिली, औद्योगिक क्षेत्र आले, आणि एकेकाळी धानाच्या शेतांमधून जाणाऱ्या वाटांवर मालमोटारींची रांग लागू लागली.

काही वर्षांपूर्वी सरकारी कामानिमित्त ह्या भागात गेलो असता एका रेल्वे फाटकापाशी आमची जीप अडली. फाटकाजवळच्या झाडाखाली दोन तरुण मांडीवर वही घेऊन बसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक वाहनासाठी एक उभी रेघ ओढीत होते. चार रेघांवर पाचवी आडवी. चौकशी करता कळले की फाटकावरील रहदारीची गणती चालू आहे. चोवीस तासांत जाणाऱ्या गाड्या आणि रस्त्यावरील वाहने ह्यांचा गुणाकार करावयाचा. मोटार, बैलगाडी व टांगा ही प्रत्येकी एक, सायकलरिक्षा अर्धी. हा गुणाकार एक लाखाच्या पुढे गेला की फाटकाच्या जागी पूल बांधण्याच्या खर्चात रेल्वेने वाटा उचलावा, असा दंडक पुष्कळ वर्षे चालत आला. एवढ्यात डोक्यावर भारा घेतलेली एक बाई फाटकाच्या दांड्याखालून वाकून पलीकडे गेली. मी विचारले, "ही कोणत्या रकान्यात?" मुलगा हसून म्हणाला, "पैदलवालों को नहीं गिनते, साहब."

ह्या मुलाची मला पुन्हा आठवण झाली ती अगदी निराळ्या प्रसंगी. आमच्या कार्यालयाच्या संकेतस्थळाची देखरेख माझ्याकडे आली आणि तिच्याबरोबर एक मासिक पत्रकही आले. त्यातला सर्वांत ठळक रकाना 'पेज व्ह्यूज'चा. मी त्याला पृष्ठदर्शन म्हणतो. कोणी 'पानभेट' म्हटले तरी माझी हरकत नाही. कोणते पान महिन्यात किती वेळा पाहिले गेले, एवढाच प्रश्न. वरकरणी ह्याहून सोपा प्रश्न सापडणे कठीण. परंतु उत्तर शोधू लागलो तेव्हा असे दिसून आले की 'पान' म्हणजे काय, 'पाहणे' म्हणजे काय आणि 'एकदा' म्हणजे काय, ह्या तीनही शब्दांचा अर्थ तीस वर्षांत अनेकदा बदललेला आहे, आणि प्रत्येक बदलाबरोबर कोणीतरी गणतीत आला आहे नि कोणीतरी बाहेर पडला आहे. त्याच इतिहासाविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

वाचक मोजण्याची विवंचना अर्थातच संगणकाच्या फार आधीची. ह्याच छत्तीसगढात पेंड्रा येथून जानेवारी १९०० मध्ये माधवराव सप्रे ह्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. सप्रे मराठी घरातले. पुढे दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणारे तेच. त्यांचे स्नेही वामन बळीराम लाखे हे मासिकाचे प्रकाशक होते. तीन वर्षे पदरमोड करून १९०२ च्या अखेरीस मासिक बंद पडले. त्याच्या हिशेबाच्या वहीत वर्गणीदार होते, वाचक नव्हते. एक अंक दहा घरे फिरला तरी वर्गणी एकच. जो मागून नेऊन वाचतो तो मासिक जगवू शकत नाही, आणि मासिक तर त्याच्यासाठीच काढलेले असते! ही कोंडी तेव्हापासूनची आहे.

१९४८ मध्ये मुंबईस ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था स्थापन झाली. वृत्तपत्रांचे मालक आपला खप फुगवून सांगतात आणि जाहिरातदार त्यावर विश्वास ठेवीत नाहीत, ह्यावर तिघाइताने वह्या तपासून दर सहामाहीस दाखला द्यावा, हा तिचा उपाय. त्यासाठी प्रथम ठरवावे लागले की 'खप' म्हणजे छापलेली प्रत नव्हे, विक्रेत्याकडून परत आलेली नव्हे, फुकट वाटलेली नव्हे. थोडक्यात, काय मोजावयाचे नाही ह्याचीच यादी आधी झाली. नभोवाणीचा अनुभव आणखी बोलका आहे. घरोघरच्या रेडिओला त्या काळी परवाना लागत असे आणि परवान्यांची संख्या हाच श्रोत्यांचा अंदाज. पण १९५६ मध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने मुंबई राज्याच्या पाच मराठी जिल्ह्यांतील दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे भरविली आणि त्यांच्यासाठी वीस कार्यक्रम ध्वनिक्षेपित केले, तेव्हा टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ ह्यांनी केलेल्या पाहणीत निव्वळ डोकी मोजली नाहीत; कार्यक्रमांपूर्वी व नंतर लोकांना काय ठाऊक होते, हे विचारले. एका यंत्राभोवती बसलेला अवघा गट हे तेथील एकक होते. हे महाग पडते, हे खरे. म्हणूनच पुढेही स्वस्त मोजणीचीच चलती राहिली.

आता संगणकाकडे वळू. टिम बर्नर्स-ली ह्यांनी जिनिव्हाजवळील सर्न संस्थेत कल्पिलेले विश्वजाल १९९१ मध्ये बाहेरच्या जगास खुले झाले. त्याची रचना पोस्टाच्या व्यवहारासारखी आहे. वाचकाचा ब्राउझर एक मागणीपत्र पाठवितो, पलीकडचा सर्व्हर मागितलेली वस्तू धाडतो, आणि सर्व्हर आपल्या वहीत एक ओळ लिहितो: मागणी कोणत्या पत्त्यावरून आली, केव्हा आली, काय मागितले, ते दिले की नाही, आणि किती माप गेले. ही वही कोणा वाचकांची गणती करण्यासाठी ठेवलेली नव्हती. यंत्र बिघडले तर कारण सापडावे म्हणून ठेवलेली ती जावक-नोंद होती. जावक-बारनिशीवरून कार्यालयाची लोकप्रियता काढण्याचा मोह कोणाला झाला असेल तर तो पहिला होता असे मी म्हणणार नाही.

ह्या वहीतील प्रत्येक ओळीस 'हिट' असे नाव पडले. आरंभी पाने केवळ मजकुराची होती, तोवर एक पान म्हणजे एक ओळ, हा हिशेब बरोबर होता. १९९३ मध्ये मोझॅक ब्राउझर आला आणि मजकुराच्या मधोमध चित्रे दिसू लागली. येथेच गणित बिघडले. कारण चित्र पानाच्या आत दिसत असले तरी ते निराळी वस्तू म्हणून निराळ्या मागणीने येते. पानावर नऊ चित्रे असतील तर एका वाचकाच्या एका दर्शनाने वहीत दहा ओळी पडतात. शोभेची वेलबुट्टी वाढविली की 'हिट' वाढतात. पुष्कळ संस्थांनी हे आकडे मोठ्या अभिमानाने मिरविले. त्यात लबाडी किती आणि अज्ञान किती, हे निवडणे अवघड आहे. मराठीची तर ह्यात आणखीच मौज होती. सर्वमान्य युनिकोड रुळण्यापूर्वी देवनागरी अक्षरे वाचकाच्या संगणकावर असतीलच अशी खात्री नसे. म्हणून काही मजकूर चित्राच्या रूपाने दिला जाई, तर काही ठिकाणी पानासोबत टंकाची फाइलही उतरवून घ्यावी लागे. म्हणजे तोच मजकूर इंग्रजीत एक ओळ पाडी आणि मराठीत तीन-चार. मराठी वाचकांची संख्या निदान ह्या वहीत तरी भरभराटीस आली होती!

१९९४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील 'हॉटवायर्ड' ह्या नियतकालिकाच्या पानांवर फलकाच्या आकाराच्या पहिल्या जाहिराती झळकल्या. पैसे देणारा आला की व्याख्या काटेकोर होऊ लागते, हा अनुभव वृत्तपत्रांच्या बाबतीत आलाच होता. जाहिरातदाराला दहा ओळींशी कर्तव्य नव्हते. पान एकदा उघडले की त्याची जाहिरात एकदाच दिसणार. म्हणून चित्रांच्या, सजावटीच्या ओळी गाळून केवळ पानाच्या ओळी मोजाव्यात असे ठरत गेले. पृष्ठदर्शनाचा जन्म असा वजाबाकीतून झाला. चित्रे वजा, न सापडलेल्या पानांच्या मागण्या वजा, एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर पाठविणाऱ्या ओळी वजा. शोधयंत्रांसाठी आपोआप पाने चाळीत फिरणारे जे कार्यक्रम असतात, ज्यांना 'बॉट' म्हणतात, तेही वजा, अर्थात ते ओळखू आले तर.

पण एवढ्याने भागत नव्हते. काही दर्शने वहीत मुळी येतच नसत. वाचकाने मागचे पान पुन्हा उघडले तर ब्राउझर ते आपल्याजवळच्या साठ्यातून दाखवितो. सर्व्हरला त्याची वार्ताही नसते. मोठमोठ्या सेवा-कंपन्या आणि विद्यापीठे आपल्या दाराशी एक सामाईक साठा ठेवीत. कोणी एकाने पान मागविले की पुढच्या शंभरांना तेच परस्पर मिळे. तार जपून वापरण्याचे ते दिवस होते, त्यामुळे ही काटकसर शहाणपणाचीच होती. परंतु जो सर्वांत लोकप्रिय मजकूर, तोच असा साठविला जाणार आणि त्याचीच गणती सर्वांत अधिक कमी पडणार. काही स्थळचालकांनी मग आपली पाने साठविताच येऊ नयेत अशी व्यवस्था केली. म्हणजे केवळ मोजता यावे म्हणून तेच पान सातासमुद्रांपलीकडून पुनःपुन्हा वाहून आणावयाचे. ऑक्टोबर १९९७ मध्ये डिजिटल कंपनीचे जेफ्री मोगुल आणि मायक्रोसॉफ्टचे पॉल लीच ह्यांनी ह्यावर एक सुरेख तोडगा सुचविला: साठा खुशाल ठेवा, मात्र साठेदाराने किती जणांना पान दिले ह्याची बेरीज अधूनमधून मूळ मालकास कळवावी. वृत्तपत्राचा विक्रेता जसा हिशेब देतो, तसा. योजना निर्दोष होती आणि ती फारशी कोणी अंमलात आणली नाही.

ह्याच काळात केंब्रिज विद्यापीठातील स्टीफन टर्नर ह्यांनी १९९५ मध्ये 'ॲनालॉग' नावाचा, वहीतील ओळींचा गोषवारा काढणारा कार्यक्रम फुकट उपलब्ध करून दिला. तो जगभर वापरला गेला. त्याबाबत मला विशेष आवडते ती गोष्ट अशी की त्याच्या माहितीपत्रकात कर्त्याने स्वतःच बजावून ठेवले होते की ह्या वहीवरून तुम्हाला किती माणसे आली हे कळणार नाही, ती कोण होती हेही कळणार नाही. किती मागण्या आल्या तेवढे कळेल. आपल्या तराजूची मर्यादा तराजूवरच लिहून ठेवणारा व्यापारी विरळा.

शतक संपता संपता मोजणीची जागाच बदलली. पानात एक लहानशी अदृश्य खूण ठेवू लागले. पान वाचकाच्या पडद्यावर उघडले की ती खूण स्वतःहून 'उघडले' असा निरोप मोजणाऱ्याकडे पाठविते. आता साठ्यातून आलेले पानही मोजले जाऊ लागले. आजवर दुकानदार आपल्या गल्ल्यावरून गिऱ्हाइके मोजीत होता. आता त्याने प्रत्येक पुडीत हेर बसविला, असे म्हटले तरी चालेल. २००५ मध्ये गूगलने अर्चिन ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी ही मोजणी सर्वांना फुकट देऊ केली. लहानमोठ्या हजारो स्थळांचा हिशेब एकाच घरी जाऊ लागला. अर्थात येथेही नवी वजावट होतीच. ज्याने आपल्या ब्राउझरमध्ये अशा खुणांना बंदी केली, तो वाचक मजकूर वाचतो पण गणतीत नसतो. फाटकाखालून वाकून गेलेली बाईच ती.

मग २००७ साल उजाडले. त्या वर्षी वेब ॲनॅलिटिक्स असोसिएशन ह्या व्यावसायिकांच्या संस्थेने शब्दांच्या व्याख्या प्रसिद्ध केल्या. पृष्ठदर्शन म्हणजे पान पाहिले गेल्याची संख्या, आणि पान म्हणजे विश्लेषकाने ठरविलेला आशयाचा एक घटक, असा त्यांचा आशय. प्रथम वाचली तेव्हा मला ही व्याख्या म्हणजे पळवाट वाटली होती. पान म्हणजे तुम्ही ज्याला पान म्हणाल ते! परंतु पुढे विचार करता वाटले की ह्याहून प्रामाणिक काही लिहिता आले नसते. कारण पानेच विरघळू लागली होती. नकाशा बोटाने सरकवावा आणि नवा प्रदेश दिसावा, पण पान मात्र तेच. किंवा खाली सरकत जावे तसा मजकूर येतच राहावा, अशी नवी रीत आली होती. एका पानावर अर्धा तास घालविणारा वाचक एक दर्शन देई, आणि तोच मजकूर दहा तुकडे करून 'पुढील पान' म्हणत छापला की दहा. दुसरी रीत कोणास सोयीची होती हे सांगावयास नको. त्याच वर्षी जुलैमध्ये नीलसनच्या मोजणी-विभागाने स्थळांची क्रमवारी पृष्ठदर्शनांवरून लावणे सोडून वाचकांनी घालविलेल्या एकूण वेळेवरून लावण्याचे जाहीर केले. शब्दाची व्याख्या पक्की झाली आणि त्याच उन्हाळ्यात त्याचे राज्यही उतरणीस लागले. २०२३ च्या जुलैत गूगलची जुनी मोजणी बंद पडून नवी आली, तीत पृष्ठदर्शन ही अनेक 'घटनां'पैकी केवळ एक घटना म्हणून उरली आहे.

'पान' एक की अनेक, हा प्रश्न आपल्या लिपीत कसा उभा राहतो ते पाहावयाचे तर रसमड्यालाच परत यावे लागेल. मराठीत आपण 'रसमडा' लिहितो. हिंदीत ड खाली टिंब येऊन ते 'रसमड़ा' होते. हे टिंबाचे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येते: एक अखंड चिन्ह म्हणून, किंवा ड आणि टिंब अशी दोन चिन्हे जोडून. डोळ्यांना भेद दिसत नाही, यंत्राला दिसतो. शिवाय देवनागरीचे प्रत्येक चिन्ह पत्त्यामध्ये नऊ खुणांत उलगडते, म्हणून 'रसमडा' हा पाच चिन्हांचा शब्द वहीत पंचेचाळीस खुणांचा होतो आणि जोडटिंबाचा 'रसमड़ा' चोपन्न खुणांचा. एका गावाचे नाव, तीन पत्ते. ते आधी एकरूप करून घेतले नाहीत तर एका पानाचे वाचक तीन ओळींत विखुरतात आणि प्रत्येक ओळ क्षुल्लक दिसते.

ज्यांनी ही मोजणी उघड्यावर केली अशा संस्थांत विकिपीडियाचे नाव घेतले पाहिजे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. डिसेंबर २००७ पासून सर्व भाषांतील विकिपीडियांच्या पानांची तासातासाची गणती कोणालाही पाहता येऊ लागली. पण त्या गणतीत बॉट आणि माणूस हा भेद नव्हता, आणि मोबाइलवरील दर्शने कित्येक वर्षे तीत नव्हतीच. ज्या देशात पुष्कळांनी संगणकाला हात न लावता थेट मोबाइलवरच वाचावयास आरंभ केला, तेथे ह्याचा अर्थ काय होतो हे उघड आहे. २०१५ मध्ये नवी व्याख्या आली; मोबाइल आत आला, ओळख देणारे बॉट बाहेर गेले. २०२० मध्ये माणसाचे सोंग घेणाऱ्या स्वयंचलित मागण्यांसाठी आणखी एक वर्ग वेगळा काढण्यात आला. लहान भाषांना ह्या चाळणीचा जाच अधिक. जेथे एखाद्या पानाला दिवसाकाठी चार वाचक येतात, तेथे चार बॉट आले की वाचकवर्ग दुप्पट झालेला दिसतो.

आता आमच्या कार्यालयाची गोष्ट सांगतो. मासिक पत्रकात मुखपृष्ठाची दर्शने नेहमी भरघोस असत आणि वरिष्ठ त्यावर प्रसन्न असत. एके दिवशी अभ्यागतांच्या दालनात बसलो असता लक्षात आले की भिंतीवरील मोठ्या पडद्यावर आमचेच मुखपृष्ठ लावलेले आहे, आणि सूचना ताज्या राहाव्यात म्हणून ते दर मिनिटाला आपोआप पुन्हा उघडते. पडदा रात्रीही बंद करीत नसत. चोवीस तासांचे १,४४० आणि तीस दिवसांचे ४३,२०० दर्शन हा एकटा पडदा देत होता. रात्री दालनात पहारेकरी असे, तोही बहुधा झोपलेला.

ह्याच सुमारास वरून विचारणा आली की ज्या पानांची दर्शने अगदीच थोडी आहेत ती अनुपयुक्त समजून काढून का टाकू नयेत. यादीत सर्वांत खाली एका गावच्या जमिनीसंबंधी हरकती मागविणारी जाहीर सूचना होती. महिनाभरात ती पाहणारे इतके थोडे की हाताच्या बोटांवर मोजावे. मी ती काढण्यास संमती देणारच होतो. टिपण लिहूनही झाले होते. केवळ सवयीने हरकतींची धारिका मागविली. आलेल्या लेखी हरकती पानाच्या दर्शनांहून अधिक होत्या. प्रथम मला वाटले की धारिका चुकली. मग गावी गेलो तेव्हा उलगडा झाला. तेथील चॉइस सेंटर चालविणाऱ्या मुलाने ते पान एकदा उघडले होते, त्याच्या छापील प्रती काढून एक पंचायतीच्या भिंतीवर आणि एक चहाच्या दुकानात डकविली होती. ज्यांना वाचता येत होते त्यांनी इतरांना वाचून दाखविली. आमच्या पत्रकात अवघे गाव एका रेघेत मावले होते.

टिपण फाडून टाकले आणि दुसरे लिहिले. सूचनेचे पान राहिले. दालनातील पडद्याची दर्शने गणतीतून वगळण्याची व्यवस्था करविली. साहजिकच पुढील महिन्याच्या पत्रकात मुखपृष्ठाचा आकडा एकदम खाली आला, आणि 'संकेतस्थळाच्या लोकप्रियतेत झालेल्या घसरणीबाबत' माझ्याकडून खुलासा मागविण्यात आला. तो मी दीड पानात दिला.